लांडग्याला न मारता त्याचा उपद्रव आटोक्यात ठेवता येईल का?

माणगावकर

नमस्कार मंडळी. दिवाळी सरून भाताची कापणी झाली की आमच्या खाचरात फलटणकडच्या एका धनगर कुटुंबाचा वाडा, म्हणजे मेंढरांसह फिरणारे बिऱ्हाड, उतरतो. ही रीत माझ्या आजोबांच्या वेळेपासूनची आहे. चार-पाच रात्री मेंढरे शेतात बसवायची, लेंडीने जमीन कसदार व्हायची आणि त्याबद्दल आम्ही त्यांना भात मोजून द्यायचे, असा हा सरळ व्यवहार आहे. वाड्यातल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाला आम्ही तात्या म्हणतो.

यंदा तात्या शेकोटीपाशी बसले असताना त्यांनी सांगितले की पावसाळ्यात गावाकडच्या माळावर लांडग्यांनी एका रात्रीत त्यांची पाच मेंढरे फाडली आणि त्यातले एकच ओढून नेले. "नेलं ते त्याचा वाटा, त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही, पण बाकीची चार नुसती पडलेली बघवत नव्हती," हे त्यांचे शब्द. त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. काही आठवड्यांनी शेजारच्या वस्तीवरच्या कोणीतरी मेलेल्या मेंढीच्या मांसात विष कालवून ठेवले. त्यात दोन लांडगे मेले आणि तात्यांची राखणीची कुत्रीही गेली. तिच्याबद्दल सांगताना ते मध्येच थांबले आणि निखारे सारखे करत बसले.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. लांडग्यांची संख्या किंवा निदान त्यांचा उपद्रव विष, सापळा आणि बंदूक न वापरता मर्यादेत ठेवण्याचे खरोखर चालणारे उपाय कोणते आहेत? नसबंदी करता येते का? पकडून दूरच्या जंगलात सोडले तर? ज्यांनी काही पाहिले, वाचले किंवा केले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

खाडीकाठ

प्रश्न चांगला आहे, पण कोकणात लांडगा जवळजवळ नाहीच. आपल्याकडे कोल्हा, कोळसुंदा आणि बिबट्या. मग हा विषय इथे का?

माणगावकर

खाडीकाठ, ज्या मेंढरांच्या खतावर माझे भात पिकते ती वर्षातले आठ महिने लांडग्याच्या मुलखात चरतात, म्हणून हा विषय मला परका वाटत नाही. शिवाय कोल्ह्याचा, माकडाचा आणि रानडुकराचा प्रश्न आपल्या दारात आहेच. एका प्राण्याबाबत जे कळेल ते दुसऱ्याबाबत विचार करताना उपयोगी पडेल, असे मला वाटते.

पशुवैद्य_चिपळूण

माणगावकर, आपण नसबंदीबद्दल विचारले आहे. मी पस्तीस वर्षे पशुवैद्यकीय सेवेत काढली असल्यामुळे या भागाचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

लांडग्यांची नसबंदी प्रत्यक्षात करून पाहिली गेली आहे. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस अलास्कामध्ये फोर्टीमाइल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कॅरिबू हरणांच्या कळपाला सावरायला वेळ मिळावा म्हणून तिथल्या लांडग्यांच्या टोळ्यांमधील प्रमुख नर-मादीची नसबंदी करण्यात आली आणि उरलेल्यांना दूर नेऊन सोडण्यात आले. यातली खुबी अशी की टोळीत बहुधा एकच जोडी विते. त्या जोडीच्या फक्त नलिका बांधल्या आणि ग्रंथी तशाच ठेवल्या, तर पिल्ले होत नाहीत, परंतु त्या जोडीची हद्द राखण्याची वृत्ती कायम राहते आणि बाहेरची नवी टोळी तिथे शिरत नाही. बैलाचे खच्चीकरण करतो तसे लांडग्याचे केले, तर संप्रेरके संपतात आणि हद्द राखण्याची ही वृत्तीही ओसरण्याची भीती असते. म्हणून शस्त्रक्रिया कोणती करायची यावर सारे अवलंबून आहे.

आता हे आपल्या माळरानावर करायचे म्हणजे काय, त्याचा विचार करू. तिकडे बर्फावरचे माग आणि हेलिकॉप्टर यांच्या साहाय्याने जनावर गाठता येते. आपल्याकडे लांडगा रात्री ऊस, ज्वारी आणि ओढ्याकाठच्या झुडपांतून फिरतो आणि माणसाची चाहूल लागताच नाहीसा होतो. टोळीतली नेमकी विणारी जोडी ओळखा, तिला बेशुद्ध करा, शस्त्रक्रिया करा, शुद्धीवर येईपर्यंत सांभाळा, पुन्हा तिच्याच हद्दीत सोडा आणि हे प्रत्येक टोळीसाठी करा. तोंडावाटे देण्याची, एकदा दिली की कायमचे काम होईल आणि फक्त लांडगाच खाईल, अशी गोळी आज तरी कोणाच्या हाती नाही.

आणि याहून महत्त्वाचा मुद्दा संख्येचा आहे. भारतभरात मिळून लांडगे सुमारे तीन हजार असावेत असा अंदाज आहे. भारतीय लांडगा हा जगातल्या लांडग्यांच्या सर्वांत जुन्या वंशशाखांपैकी एक मानला जातो आणि तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ज्याची संख्या वाघाच्याच आसपास आहे, त्याची नसबंदी करण्याचा सल्ला मी पशुवैद्य म्हणून देऊ शकत नाही. माळावर खरी नसबंदी हवी आहे ती मोकाट कुत्र्यांची. मेंढरे कुत्रेही फाडतात आणि आळ लांडग्यावर येतो. कुत्र्यांकडून लांडग्यांना रेबीज आणि डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूजन्य रोग होतो. इतकेच नव्हे, तर पुणे परिसरात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीत सिद्ध झाले आहे.

हर्णैकर

डॉक्टर, आपल्या ज्ञानाचा मी आदर करतो, पण मला या चर्चेत एक बाजू दुबळी राहिलेली दिसते. मेंढपाळाची.

माझी स्वतःची दीड एकर भातशेती रानडुकरांनी सलग दोन वर्षे उलथून टाकली. दोन्ही वेळा मी नुकसानीचा अर्ज केला, दोन्ही वेळा पंचनाम्याला माणूस आला तोवर पाऊस पडून खुणा पुसल्या गेल्या होत्या, आणि संबंधित कार्यालयात मला उलट विचारण्यात आले की डुकरेच होती हे कशावरून. शहरात बसलेल्या माणसाला वन्यप्राणी जगावा असे वाटते ते योग्यच आहे, परंतु त्याची किंमत दरवर्षी एकाच माणसाच्या खिशातून जात असेल, तर तो माणूस विषाकडेच वळणार. मी विषाचे समर्थन करत नाही. ते पाप आहे. पण जे एखादे जनावर पुन्हा पुन्हा एकाच वाड्यावर येते, ते नेमके ओळखून अधिकृतपणे, एका गोळीत, त्रास न देता काढावे, यात मला क्रौर्य दिसत नाही. विषाने तडफडून मरण्यापेक्षा ते निश्चितच दयेचे आहे.

आंबोलीची_सानिका

हर्णैकर काका, तुमच्या नुकसानीबद्दल मनापासून वाईट वाटले. पंचनाम्याची ही कथा घरोघरची आहे, त्यामुळे तुमचा राग मला समजतो.

कायद्यापुरते सांगते. डॉक्टरांनी सांगितलेल्या वन्यजीव कायद्याच्या कलम ११ प्रमाणे पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याला मारण्याची परवानगी तो माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असेल तरच मिळू शकते, आणि तीही त्याला पकडणे वा हलवणे शक्य नसेल तर. शेतीचे आणि मालमत्तेचे नुकसान हे कारण अन्य अनुसूचीतल्या प्राण्यांना लागू होते, लांडग्याला नाही.

"उपद्रवी तेवढाच काढा" हे ऐकायला पटते, पण त्याचा परिणाम काय होतो याबद्दल तज्ज्ञांमध्येच वाद आहे. २०१४ मध्ये वॉशिंग्टन राज्य विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या आयडाहो, मोंटाना आणि वायोमिंग या राज्यांची पंचवीस वर्षांची आकडेवारी तपासून असे मांडले की लांडगे मारल्यावर पुढच्या वर्षी पाळीव जनावरांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढतात. त्यांनी दिलेले कारण टोळी फुटण्याचे होते. जाणती नर-मादी गेली की उरलेली पोरे विखुरतात, त्यांना वन्य शिकार जमत नाही आणि ती सोपी मेंढी गाठतात. मात्र तीच आकडेवारी पुढे इतर अभ्यासकांनी वेगळ्या रीतीने तपासली आणि त्यांचा निष्कर्ष उलट निघाला. म्हणून मी एवढेच म्हणेन की मारल्याने प्रश्न सुटतो हे गृहीत धरण्यासारखे नाही.

पकडून दूर सोडण्याबाबत मात्र आपल्या महाराष्ट्रातलाच धडा पुरेसा आहे. जुन्नर वनविभागात बिबटे पकडून इतरत्र सोडण्याची मोहीम सुरू झाली. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासानुसार १९९३ ते २००१ या काळात माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते, ते मोहिमेनंतर २००१ ते २००३ मध्ये सरासरी सतरावर गेले. ज्या जनावराला आपली हद्द, पाणवठे आणि लपण्याच्या जागा ठाऊक होत्या, त्याला अनोळखी गावांच्या मध्ये नेऊन सोडले तर दुसरे काय होणार? लांडगा तर एका रात्रीत कितीतरी किलोमीटर सहज चालतो. तो परतेल किंवा वाटेत कोणाच्या तरी वाड्यावर पोहोचेल.

माणगावकर

सानिकाताई, धन्यवाद. पकडून सोडण्याचा पर्याय मी सर्वांत दयाळू समजत होतो. आता तो मनातून काढला.

वेळासची_मंजिरी

मी लांडगा पाहिलेला नाही, त्यामुळे कोल्ह्याबद्दल लिहिते. चालेल ना?

वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने कासवांच्या घरट्यांचे काम सुरू केले. आमच्या लहानपणी ऑलिव्ह रिडलेची अंडी माणसेच काढून नेत असत आणि त्यांच्या हातून सुटलेली कोल्ही, कुत्री आणि डुकरे उकरत असत. माणसांची समजूत पटली, पण कोल्ह्याची समजूत कशी घालणार? त्या वेळी कोल्ह्यांचा बंदोबस्त करा, असे म्हणणारे लोक गावात होते.

ज्यांनी काम उभे केले त्यांनी कोल्ह्याला हात न लावता अंडी हलवली. पहाटे कासवमित्र किनाऱ्यावर फिरतो, मादीच्या वल्ह्यासारख्या पायांचा माग भरतीच्या रेषेच्या वर कुठे थांबला आहे ते पाहतो, काठीने वाळू चाचपतो आणि जिथे काठी अलगद आत जाते तिथे हातांनी उकरतो. शंभराच्या आसपास अंडी, पिंगपाँगच्या चेंडूसारखी, ओलसर आणि किंचित मऊ. ती न हलवता-डुलवता टोपलीत घेऊन जाळीच्या कुंपणातल्या वाळूत पुरतात, आणि खड्डाही मादीने खणला होता तितकाच खोल, तसाच तळाशी फुगीर, मडक्यासारखा करतात. पुढे पन्नासेक दिवसांनी पिल्ले वर येतात. मी वडिलांबरोबर पहिल्यांदा गेले त्या पहाटे कुंपणाच्या बाहेर कोल्ह्याची ताजी पावले होती. त्याने एक पूर्ण फेरी मारली होती आणि मग तो खाडीच्या बाजूला निघून गेला होता. कोल्हा आजही आमच्या किनाऱ्यावर आहे, खेकडे आणि मेलेले मासे खातो, आणि घरटीही सुखरूप आहेत.

मला म्हणून वाटते की माणगावकर काकांनी संख्येचा प्रश्न जरा बाजूला ठेवावा आणि तात्यांचे मेंढरू रात्री नेमके कुठे आणि कसे असते, हे आधी विचारावे.

खाडीकाठ

मंजिरीताई, फार नेमके लिहिलेत. माझा सुरुवातीचा आक्षेप मी मागे घेतो.

माळावरचा_मल्हारी

राम राम. मी धनगराचा मुलगा आहे, सध्या नोकरीनिमित्त पनवेलला असतो, पण शाळेच्या सुट्टीतली बारा वर्षे मी मेंढरांमागे काढली आहेत, म्हणून लिहायचे धाडस करतो.

मंजिरीताईंनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असे. रात्री मेंढरे वाघरीत असतात. वाघर म्हणजे सुताची किंवा हल्ली नायलॉनची जाळी, काठ्या रोवून गोल उभी केलेली. ती मेंढराला आत ठेवते, लांडग्याला बाहेर ठेवत नाही. लांडगा तिच्यावरून उडी मारतो किंवा नुसता वाऱ्याच्या बाजूने येऊन वासाने मेंढरांना बुजवतो. मेंढरे एका अंगाला रेटतात, काठ्या उपटल्या जातात, वाघर आडवी होते आणि कळप अंधारात फुटतो. तात्यांची पाच मेंढरे अशीच गेली असणार. बुजलेले मेंढरू पळत राहते आणि जे पळते त्याला लांडगा धरत सुटतो. वाघर जागेवर उभी राहिली तर बहुतेक वेळा एखादेच जाते.

म्हणून आमच्या घरी पाच-सहा वर्षांपासून असे करतो. काठ्या दुप्पट घालतो आणि प्रत्येक तिसऱ्या काठीला ताण देतो. कोकरे डालग्याखाली झाकून बिऱ्हाडाच्या मधोमध ठेवतो, कारण पहिली नजर त्यांच्यावर असते. वाऱ्याच्या बाजूला माणूस झोपतो, कुत्री दुसऱ्या बाजूला. कुत्र्याच्या गळ्यात बाहेर टोके काढलेला लोखंडी पट्टा असतो, कारण लांडगा कुत्र्याचा गळाच धरतो. आणि सौरऊर्जेवर चालणारे, रंग बदलत लुकलुकणारे दिवे चारी कोपऱ्यांना टांगतो. त्यांची जागा दर दोन-तीन दिवसांनी बदलावी लागते, नाहीतर लांडग्याला ते ओळखीचे होतात.

हर्णैकर काकांच्या बोलण्यातही तथ्य आहे. आमचा वाडा आज इथे तर परवा दहा कोस पुढे. मेलेले मेंढरू पंचनामा होईपर्यंत हलवायचे नाही असा नियम, आणि तिथे थांबलो तर बाकीच्या दोनशे मेंढरांना चारा कुठला? त्यामुळे आमच्यातले बहुतेक लोक अर्जच करत नाहीत. भरपाई जागेवर मिळाली, तर विषाची भाषा निम्म्याने कमी होईल, हे मी माझ्या माणसांना ओळखून सांगतो.

आंबोलीची_सानिका

मल्हारी, लुकलुकणाऱ्या दिव्यांसारखीच एक जुनी युक्ती पूर्व युरोपात आहे. दोरीला लाल कापडाच्या पट्ट्या हात-हात अंतरावर बांधतात आणि ती दोरी जमिनीपासून गुडघाभर उंचीवर ताणतात, म्हणजे पट्ट्या वाऱ्यावर हलत राहतात. लांडगा ती रेषा ओलांडायला कचरतो. पूर्वी शिकारी याच रेषेने लांडग्यांना घेरून मारत असत, आणि आता त्याच भीतीचा उपयोग करून कळप राखतात. कॅनडातल्या प्रयोगात हा परिणाम सुमारे साठ दिवस टिकला, त्यानंतर लांडग्यांनी रेषा ओलांडली. पण तुमचा वाडा एका जागी पाच रात्रीही नसतो, तेव्हा त्यांना सवय होण्याआधीच तुम्ही पुढे गेलेले असाल.

हर्णैकर

हे तर आमच्याकडचेच झाले. डुकरांसाठी आम्ही बांधावर जुन्या साड्या बांधतो. पहिल्या पंधरवड्यात एकही डुक्कर आले नव्हते. नंतर आली, हेही खरे.

मल्हारी, माझी बाजू समजून घेतल्याबद्दल आभार. गोळीचा आग्रह मी धरून बसत नाही. पण भरपाईचा मुद्दा या धाग्यात मागे पडू नये.

देवगडचा_बागायतदार

थोडे विषयांतर होईल, पण नसबंदीचा उल्लेख आलाच आहे तर विचारतो. माकडांच्या बाबतीत तरी ती चालते का? आमच्या बागेत लाल तोंडाची माकडे आणि वानर दोन्ही आहेत, आणि कलमांचा मोहोर जाग्यावर राहत नाही.

पशुवैद्य_चिपळूण

थोडक्यात सांगतो. हिमाचल प्रदेशात २००६-०७ पासून माकडांची नसबंदी सुरू आहे आणि आजवर दीड लाखांहून अधिक माकडांवर ती झाली आहे. माकड पिंजऱ्यात येते, दिवसा दिसते आणि टोळीने राहते, म्हणून ते शक्य झाले. तरीही त्याच राज्यात २०१६ मध्ये शिमला शहरातील माकडांना उपद्रवी घोषित करण्याची वेळ आली, कारण नसबंदी झालेले माकडही आयुष्यभर खात राहते आणि उघड्यावरचे अन्न कमी झालेले नव्हते. नसबंदीचा परिणाम दिसायला प्राण्याचे आयुष्य जावे लागते. यंदाचा मोहोर तिने वाचणार नाही.

हेच अन्नाचे सूत्र लांडग्यालाही लागू आहे. माळावर कोंबडीपालनाच्या शेडमधून मेलेल्या कोंबड्या उघड्यावर फेकल्या जातात. त्यावर कुत्री पोसतात, लांडगे येतात, वस्तीजवळ राहायला शिकतात आणि मग वाटेतल्या वाड्यावर पडतात. खड्डा करून चुना टाकून पुरणे एवढे साधे काम आहे. लांडग्यांची संख्या शेवटी खाद्यावर ठरते, आणि जे खाद्य आपण फेकतो ते बंद करणे ही मला माहीत असलेली संख्या-नियंत्रणाची सर्वांत सौम्य रीत आहे.

विषाबद्दल एक गोष्ट माणगावकरांसाठी. आपल्या शेजारच्या म्हसळा तालुक्यात चिरगावला पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची वसाहत लोकांनी मोठ्या कष्टाने जपली आहे. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेल्या जनावरांची मढी खाऊन गिधाडे संपत आली, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. विष कालवलेले एक मढे उघड्यावर राहिले, तर एका दिवसात गिधाडांचा सगळा थवा त्यावर उतरतो. मी सेवेत असताना विषबाधा झालेल्या कुत्र्याचे शवविच्छेदन केले आहे. त्या जनावराने मरण्यापूर्वी जमीन इतकी खरवडली होती की नख्या मुळापासून निघाल्या होत्या. ज्याला दयेचा मार्ग शोधायचा आहे, त्याने विष ठेवू पाहणाऱ्याच्या घरी जाऊन त्याचे नुकसान आधी ऐकून घ्यावे.

माणगावकर

सर्वांचे उत्तर वाचले आणि मल्हारीचे तर तात्यांना मोठ्याने वाचून दाखवले. काल त्यांची आमच्याकडची शेवटची रात्र होती.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून वाघरीपाशी गेले आणि एक काठी हाताने हलवून पाहिली. ती सैल होती. "पोरगं आपलंच हाय, बरोबर बोललं," एवढे म्हणून त्यांनी नातवाला हाक मारली आणि अंधारातच दोघांनी ताण बांधायला घेतले. माझ्या पत्नीने जुन्या लाल लुगड्याच्या पट्ट्या फाडून दिल्या. दिव्यांचा एक जोड मी माणगावच्या बाजारातून आणला. बाकीचे दोन दिवे पुढच्या मुक्कामावर पोहोचवीन, कारण घाट चढून माळावर परत जाईपर्यंत त्यांची गरज नाही.

भरपाईचे मात्र मी मनावर घेतले आहे. तात्यांकडे त्या पाच मेंढरांचा एकही कागद नाही. पुढच्या वेळी असे झाले तर मोबाइलवर लगेच छायाचित्रे काढायची, जागेची नोंद ठेवायची आणि मला फोन करायचा, असे त्यांच्या नातवाला शिकवले आहे. अर्ज मी लिहीन. हर्णैकर, आपण दोनदा अर्ज केला आहे, तेव्हा त्याचा मसुदा आपण मला पाठवाल का?

आणि मल्हारी, एक राहिले. तात्यांनी नवे पिल्लू आणले आहे, अजून चार महिन्यांचेच आहे. तो टोकांचा पट्टा कोणत्या वयात घालायचा आणि कुठे मिळतो?

हर्णैकर

आज रात्रीच पाठवतो.

माळावरचा_मल्हारी

काका, पट्टा विकत घेऊ नका, बाजारातले पातळ असतात. लोहाराकडून करून घ्या, बोटभर लांबीची टोके आणि आतून चामड्याचे अस्तर, म्हणजे मान सोलणार नाही. वर्षाचे होईपर्यंत घालू नका, तोवर मान वाढत असते. तोपर्यंत त्याला मोठ्या कुत्र्याच्या जवळ, मेंढरांच्या मध्येच झोपवा आणि रेबीजची व डिस्टेंपरची लस या महिन्यातच टोचून घ्या. तात्यांना माझा राम राम सांगा.